सहा दिवसांची बैठक



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्यांनी उमेदीची वर्षं जुन्या गायक-वादकांच्या घरी जाण्यात घालवली. समोर टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि त्या माणसाला गाता गाता बोलतं करायचं, ही त्यांची पद्धत. विषय निवडायची मोकळीक मला मिळाली, तेव्हा त्यांच्या कामाशी नातं सांगणारा विषय मी शोधू लागलो, आणि तो सापडला फार दूर, अमेरिकेच्या टेनेसी राज्यात. ऑगस्ट १९७१मध्ये नॅशव्हिल शहरातल्या एका स्टुडिओत सहा दिवस एक बैठक झाली. कॅलिफोर्नियातून आलेली लांब केसांची पाच तरुण मुलं, आणि त्यांच्या वडिलांच्या, काहींच्या बाबतीत आजोबांच्या वयाचे नामवंत कंट्री गायक-वादक. या बैठकीच्या तीन तबकड्यांचा संच नोव्हेंबर १९७२मध्ये युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीने बाजारात आणला. अल्बमचं नाव ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’. बँडचं नाव निटी ग्रिटी डर्ट बँड.

या अल्बमला आज मोठा मान आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत तो घेतला आहे. पण एखाद्या गोष्टीला मान मिळाला की तिच्याविषयी आपण ठरावीक वाक्यं बोलू लागतो. या अल्बमने दोन पिढ्या जोडल्या, असं सगळेच म्हणतात. जोडल्या म्हणजे नेमकं काय केलं? आधी कोण बोललं, कोण गप्प बसलं, माइक कुठे होते, चूक झाली तर काय करायचं ठरलं होतं? मला या प्रश्नांत रस आहे. या मुलांनी जुनी गाणी आपल्या आवाजात गायली असती, तर एक बऱ्यापैकी अल्बम झाला असता आणि विसरला गेला असता. त्यांनी यजमानपण घेतलं, मधली जागा पाहुण्यांना दिली, आणि पाहुणे जसे होते तसेच टेपवर येऊ दिले. त्या तबकड्यांवर एक भेट जिवंत राहिली आहे, आणि तिच्यामुळे गाणीही.

आता थोडी पार्श्वभूमी. १९२७च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीसाठी काम करणारे राल्फ पीअर टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन उतरले आणि डोंगराळ भागातल्या गायकांना त्यांनी बोलावून घेतलं. जवळच्या दरीतून कार्टर कुटुंब आलं : ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सेरा आणि सेराची नात्यातली बहीण मेबेल. मेबेल तेव्हा अठरा वर्षांची होती, गरोदर होती, आणि तिच्या हातात गिटार होती. त्याच मुक्कामात जिमी रॉजर्स यांचंही पहिलं ध्वनिमुद्रण झालं. कंट्री संगीताचा धंदा इथून उभा राहिला असं मानतात. नॅशव्हिलमध्ये १९२५पासून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओ कार्यक्रम सुरू होता. शनिवारी रात्री तो लागला की दक्षिणेतली खेडीच्या खेडी रेडिओभोवती बसत.

साठच्या दशकापर्यंत मात्र नॅशव्हिलचा व्यवहार बदलला होता. व्हायोलिनचे ताफे, पाठीमागे गुळगुळीत कोरस, बँजो आणि फिडल जवळजवळ हद्दपार, असं संगीत तिथल्या स्टुडिओंतून बाहेर पडत होतं आणि खपत होतं. जुन्या माणसांना सन्मान होता, पण काम कमी होतं. मेबेल कार्टर, ज्यांच्या गिटारीवर एक अख्खी परंपरा उभी राहिली, त्यांनी मधल्या काळात नॅशव्हिलमध्ये रुग्णांची शुश्रूषा करण्याचं काम केलं. त्यात कमीपणा काहीच नाही, पण त्या काळी या संगीताची किंमत काय उरली होती ते त्यावरून कळतं.

दुसऱ्या बाजूला देश व्हिएतनामच्या युद्धावरून दुभंगला होता. केस किती लांब आहेत यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते ठरवलं जाई. १९६८मध्ये कॅलिफोर्नियाचा बर्ड्‌स हा रॉक बँड ऑप्रीच्या मंचावर गेला, तेव्हा त्याचं स्वागत थंडच झालं. अशा वेळी लाँग बीचहून आलेल्या पाच जणांनी नॅशव्हिलच्या ज्येष्ठांना ‘आमच्याबरोबर रेकॉर्ड करा’ म्हणणं ही धिटाईच होती. जेफ हॅना, जिमी फॅडन, जॉन मॅक्युएन, जिम इबॉटसन आणि लेस थॉम्पसन अशी ती पाच नावं. बँड १९६६मध्ये निघाला होता. ‘मिस्टर बोजँगल्स’ या गाण्याने त्यांना देशभर नाव मिळालं होतं, आणि तेव्हा ते सगळे विशीत होते.

दार उघडलं ते अर्ल स्क्रग्ज यांनी. बँजोचा इतिहास स्क्रग्ज यांच्या आधीचा आणि नंतरचा असा सांगावा लागतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांवर नख्या चढवून, पाच तारांवर ते असा अखंड झरता नाद काढत की ऐकणाऱ्याला दोन वाद्यं वाजताहेत असं वाटावं. डिसेंबर १९४५मध्ये ते बिल मन्रो यांच्या ताफ्यात आले आणि आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो त्या शैलीला आकार आला. पुढे लेस्टर फ्लॅट यांच्याबरोबरची त्यांची जोडी वीस वर्षं गाजली आणि १९६९मध्ये फुटली. फुटण्याचं एक कारण आपल्या विषयाच्या अगदी जवळचं आहे. स्क्रग्ज यांना आपल्या मुलांबरोबर, मुलांच्या पिढीची गाणी वाजवायची होती, आणि फ्लॅट यांना ते रुचत नव्हतं. त्याच वर्षी युद्धविरोधी मोर्चासाठी वॉशिंग्टनला जाऊन स्क्रग्ज वाजवून आले. त्यांच्या बरोबरीच्या कंट्री कलावंतांपैकी फार थोड्यांनी असं पाऊल उचललं असतं.

स्क्रग्ज यांच्या मुलांना हा कॅलिफोर्नियाचा बँड आवडायचा. मुलांनी वडिलांना तो ऐकायला नेलं. पुढे कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी स्क्रग्ज कार्यक्रमाला आले असताना जॉन मॅक्युएनने धीर करून विचारलं, आमच्याबरोबर रेकॉर्ड कराल का? स्क्रग्ज हो म्हणाले. मग गिटारवादक डॉक वॉटसन यांना विचारलं, तेही हो म्हणाले. डॉक यांचा मुलगा मर्ल हा या बँडचा चाहता होता, त्याने वडिलांपाशी शब्द टाकला. पुढची नावं स्क्रग्ज यांच्या ओळखीतून जुळत गेली. त्यांच्या पत्नी लुईज स्क्रग्ज या नवऱ्याचे सगळे व्यवहार सांभाळत. फोन करणं, माणसं जमवणं यात त्यांचा मोठा वाटा होता. अशा कामांची नोंद मागे राहत नाही, म्हणून इथे मुद्दाम करतो. बिल मन्रो यांनी मात्र नकार दिला. मुलांच्या मनाला तो लागला असणार. पण जे आले त्यांच्यासह काम सुरू झालं.

वुडलँड साउंड स्टुडिओ पूर्व नॅशव्हिलमध्ये, एका जुन्या सिनेमा थिएटरच्या इमारतीत होता. बँडचा व्यवस्थापक आणि जॉनचा भाऊ विल्यम मॅक्युएन निर्माता होता. त्याने दोन निर्णय घेतले आणि माझ्या मते अल्बमचं भवितव्य तिथेच ठरलं.

पहिला निर्णय तंत्राचा. त्या काळी मोठ्या स्टुडिओत सोळा ट्रॅकवर मुद्रण होई. प्रत्येक वाद्य स्वतंत्र पट्टीवर घ्यायचं, एखाद्याचा सूर चुकला तर तेवढाच पुन्हा भरायचा, आवाजाचं कमीजास्त नंतर निवांत ठरवायचं. मॅक्युएनने सरळ दोन ट्रॅकवर मुद्रण केलं. म्हणजे वाजवतानाच डावी-उजवी बाजू, मोठा-लहान आवाज, सगळं पक्कं होणार. मागून दुरुस्ती नाही. सगळ्यांनी एका खोलीत, एकमेकांना दिसेल असं बसायचं आणि एकदम वाजवायचं. फिडलवाल्याने जास्त जोर केला तर गायकाचा आवाज झाकला जाणार, म्हणून फिडलवाल्याने गायकाकडे लक्ष द्यायचं. सगळा तोल कानावर आणि नजरेवर. ही जुनी माणसं आयुष्यभर एका माइकभोवती उभं राहून, आपली पाळी आली की पुढे आणि संपली की मागे, असंच वाजवत आली होती. मॅक्युएनने त्यांच्या सवयीप्रमाणे स्टुडिओ चालवला. पाहुण्यांना नवं तंत्र शिकायला लावलं नाही.

दुसरा निर्णय त्याहून मोठा. मुख्य टेपखेरीज एक दुसरी टेप सतत चालू ठेवली होती. गाणं संपलं तरी ती थांबत नव्हती. कोण कुठल्या पट्टीत गाणार, सुरुवात कोणी करायची, मधला तुकडा कोणाचा, एखादी थट्टा, एखादी आठवण, तारा जुळवण्याचा आवाज हे सगळं तिच्यावर येत गेलं, आणि त्यातलं बरंचसं अल्बममध्ये गाण्यांच्या अधेमधे ठेवलं गेलं.

आपल्यापैकी ज्यांना खाजगी मैफलींच्या टेपा ऐकायची सवय आहे त्यांना याचं मोल सांगायला नको. कंपनीच्या रेकॉर्डवर गवई साडेतीन मिनिटांत नीटनेटका राग मांडतो. मैफलीच्या टेपवर तबला लावण्याची टकटक असते, साथीदाराला दिलेली दाद असते, ‘हे घेऊ की ते’ अशी कुजबुज असते. जाणकार दुसरी टेप जिवापाड जपतात. फरक इतकाच की आपल्याकडे अशा टेपा बहुतेक कपाटात राहिल्या. नॅशव्हिलमध्ये ती कुजबुज छापील मुखपृष्ठासह दुकानात विकायला ठेवली गेली. पैसा घालणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने हा धोका होता. तीन तबकड्यांचा महाग संच, नवं म्हणावं असं गाणं जवळपास नाही, आणि मधेमधे माणसं नुसती बोलताहेत.

त्या बोलण्यातला एक तुकडा जवळून पाहू. डॉक वॉटसन उत्तर कॅरोलिनातल्या डीप गॅप या वस्तीचे. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली होती. गिटारवर फिडलच्या द्रुत धुना वाजवण्याचं जे कौशल्य त्यांनी सिद्ध केलं, त्याने गिटार हे साथीचं वाद्य उरलं नाही. या अल्बममध्ये ‘ब्लॅक माउंटन रॅग’ ऐकलंत तर मी काय म्हणतो ते लगेच कळेल. मर्ल ट्रॅव्हिस केंटकीतल्या म्युलेनबर्ग परगण्याचे, कोळशाच्या खाणींच्या मुलखातले. अंगठ्याने खर्जाच्या तारांवर ठेका धरायचा आणि तर्जनीने वरच्या तारांवर गाणं काढायचं, ही त्यांची शैली आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. डॉक यांनी त्यांना रेडिओवर ऐकलं होतं. त्यांच्यावर इतका जीव की मुलाचं नाव त्यांनी मर्ल ठेवलं. आणि ही दोन माणसं १९७१पर्यंत एकमेकांना भेटलीच नव्हती.

ती पहिली भेट अल्बमवर आहे, वेगळा भाग म्हणून नोंदलेली आहे. गाणं नाही, फक्त बोलणं. डॉक मुलाच्या नावाची हकिकत सांगतात. ट्रॅव्हिस संकोचतात आणि स्तुती परत डॉककडे वळवू पाहतात. दोघांच्याही बोलण्यात डोंगराकडच्या माणसांचा संथ हेल आहे. दोघेही इतरांकडून शिकल्याचं सांगतात, आपण काही वेगळं केलं असं कोणीच म्हणत नाही. हे ऐकताना माझ्या मनात नेहमी येतं की ही टेप बंद असती तर? दोघांनी नंतर मुलाखती दिल्या असत्या, आठवणी सांगितल्या असत्या, त्या छापूनही आल्या असत्या. पण आपल्या आदर्शापुढे उभ्या असलेल्या प्रौढ माणसाचा आवाज किंचित घाईचा होतो, ते कुठल्याच मुलाखतीत उतरलं नसतं.

मेबेल कार्टर यांच्याविषयी थोडं सावकाश बोललं पाहिजे, कारण या बैठकीत परंपरेचा मान त्यांच्याकडे होता. सगळे त्यांना ‘मदर मेबेल’ म्हणत. ब्रिस्टलच्या त्या मुद्रणाला ऑगस्ट १९७१मध्ये बरोबर चव्वेचाळीस वर्षं होत होती. कार्टर कुटुंबात गायला सेरा, गाणी गोळा करायला ए. पी., आणि वाद्यांचा भार मेबेलवर. एकाच गिटारीने धूनही वाजवायची आणि ठेकाही सोडायचा नाही, ही अडचण त्यांनी आपल्या पद्धतीने सोडवली. अंगठ्याने खालच्या, जाड तारांवर गाण्याची चाल वाजवायची आणि त्याच हाताच्या बोटाने वरच्या तारांवर फटकारे मारत ठेका द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. हातात गिटार घेऊन पाहा, मग कळतं की एका हातातली दोन कामं एकमेकांच्या आड येतात. १९२८च्या सुमाराची त्यांची गिब्सन गिटार त्यांनी आयुष्यभर वाजवली. आज ती नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे.

अल्बममध्ये मेबेल यांचा आवाज बारीक, वयाने थोडा खरखरीत झालेला आहे. ध्वनिमुद्रकाने तो चकचकीत करायचा प्रयत्न केलेला नाही. ‘कीप ऑन द सनी साइड’ हे कार्टर कुटुंबाचं रेडिओवरचं ओळखगीत त्या गातात, आणि मागे खोलीभरची माणसं कोरस धरतात. हॅना, इबॉटसन ही मुलं त्यात आहेत, पण आवाज पुढे येऊ देत नाहीत. देवळात म्हाताऱ्या आजीने अभंग सुरू केला की बाकीचे जसे तिच्या लयीत सूर मिसळतात, तसं काहीसं. मला या अल्बममधली सर्वांत मोठी कला त्या मिसळण्यात दिसते. प्रसिद्ध गाणं नावावर असलेल्या, विशीतल्या मुलांना मागे उभं राहणं सोपं नसतं.

रॉय अकफ यांचं प्रकरण वेगळं. १९३८पासून ऑप्रीचे आधारस्तंभ, ‘कंट्रीचे राजे’ म्हणून ओळखले जाणारे. या केसाळ मुलांविषयी त्यांच्या मनात शंका होती आणि त्यांनी ती लपवली नाही. ते स्टुडिओत आले ते आधी झालेलं मुद्रण ऐकायला. टेप ऐकली, हे कसलं संगीत म्हणायचं असं विचारलं, आणि मग स्वतःच निवाडा दिला की हे तर सरळ कंट्री आहे, चला, आणखी करूया. ही हकिकत बँडमधल्यांनी पुष्कळदा सांगितली आहे. मला त्यात अकफ यांचा मोठेपणा दिसतो. पूर्वग्रह सगळ्यांनाच असतात. कानाने दिलेली साक्ष ऐकून ते तिथल्या तिथे बाजूला ठेवणारे थोडे.

गाण्याआधी अकफ मुलांना एक गोष्ट समजावून सांगतात, तीही टेपवर आहे. त्यांचा स्टुडिओतला नियम असा की गाणं एकदा घ्यायचं ठरलं की पहिल्याच वेळी सगळं ओतायचं, कारण दर खेपेला थोडं थोडं हातचं जातं. कोणाला वाटेल की म्हातारा धडे देतो आहे. पण लगेच पुढे ‘रेक ऑन द हायवे’ सुरू होतं, रस्त्यावरच्या अपघाताचं गाणं, आणि अकफ यांचा आवाज जवळजवळ रडण्याच्या काठावर जातो. उपदेश आणि त्याचा पुरावा लागोपाठ. ‘आय सॉ द लाइट’ या हँक विल्यम्सच्या गाण्यात मग सगळे सामील होतात.

जिमी मार्टिन यांच्यावर मी फार वेळ घेणार नाही. ब्लूग्रासमधला अतिशय तेज आणि जोरकस आवाज, हट्टी माणूस. ऑप्रीने त्यांना कधीच सदस्य करून घेतलं नाही. आणि अल्बम मात्र त्यांच्याच आवाजात, ऑप्रीच्या कौतुकाच्या गाण्याने सुरू होतो. ते माहीत असेल तर त्या पहिल्या गाण्यातला उत्साह ऐकताना घशात काहीतरी अडकतं.

साथीदारांपैकी दोघांची नावं घेतलीच पाहिजेत. डबल बासवर ज्युनियर हस्की होते. नॅशव्हिलमधल्या असंख्य रेकॉर्डच्या तळाशी त्यांचा बास आहे. या बैठकीनंतर पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर १९७१मध्ये ते वारले. आणि फिडलवर व्हॅसार क्लेमेंट्स. ‘लोनसम फिडल ब्लूज’ हा त्यांचा तुकडा ऐका. धून ब्लूग्रासची, पण मध्ये ते जॅझच्या वाटेने निघून जातात आणि नेमक्या क्षणी परत येतात. तोवर ते साथीला बसणारे वादक म्हणूनच माहीत होते. या अल्बमनंतर त्यांच्या नावाने कार्यक्रम होऊ लागले, आणि ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या जेरी गार्सिया यांनी त्यांना आपल्या ताफ्यात घेतलं.

इथे थोडं आडवाटेला जातो. अकफ यांच्या ताफ्यातले ऑस्वाल्ड कर्बी या अल्बममध्ये डोब्रोवर ‘सेलिंग ऑन टू हवाई’ नावाची धून वाजवतात. डोब्रो म्हणजे धातूची तबकडी बसवलेली गिटार. मांडीवर आडवी धरून, तारांवर पोलादी दांडा सरकवत वाजवायची. धुनेचं नाव सरळ मुळाकडे बोट दाखवतं : सरकत्या सुरांची ही रीत हवाई बेटांवरून अमेरिकेत आली. तीच रीत आपल्याकडेही आली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाजवणारे व्हॅन शिपली यांनी हवाईयन गिटारवर हिंदी गाण्यांच्या रेकॉर्ड काढल्या, आणि १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या अल्बममध्ये ब्रिजभूषण काब्रा यांनी त्याच जातीच्या वाद्यावर राग वाजवले. ज्यांच्या कानात काब्रांची मींड आहे त्यांना ऑस्वाल्ड यांचा डोब्रो परका वाटणार नाही. एका बेटावरून निघालेली रीत टेनेसीच्या डोंगरात आणि आपल्या रागसंगीतात एकाच काळात नांदत होती.

आता या अल्बमविषयी एक बोच. मी तो मनापासून मानतो, म्हणूनच बोलतो. त्या खोलीत कोण नव्हतं? कार्टर कुटुंबाची गाणी कोणी गोळा केली, तर ए. पी. कार्टर यांनी, आणि गावोगाव त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल हिंडत. रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक. ए. पी. शब्द टिपून घेत, चाल रिडल लक्षात ठेवत. मेबेल यांनी त्यांच्याकडून गिटारीतलं काही घेतलं, आणि हे त्या स्वतः मोकळेपणाने सांगत. मर्ल ट्रॅव्हिस यांच्या अंगठ्याच्या शैलीचा माग काढत गेलं की मोझ रेगर, आइक एव्हरली अशा स्थानिक वादकांमागे केंटकीतले आर्नल्ड शुल्ट्झ येतात, तेही कृष्णवर्णीय, १९३१मध्ये वारलेले. बँजो हे वाद्यच मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या स्मृतीतून अमेरिकेत घडलं. आणि डेफर्ड बेली, ऑप्रीच्या सुरुवातीच्या काळातले अतिशय लोकप्रिय हार्मोनिकावादक, कृष्णवर्णीय. १९४१मध्ये त्यांना ऑप्रीतून काढलं गेलं. ऑगस्ट १९७१मध्ये ते हयात होते, नॅशव्हिलमध्येच राहत होते. बूट-पॉलिशच्या धंद्यावर त्यांनी संसार केला होता.

वुडलँड स्टुडिओपासून ते फार लांब नव्हते. त्यांना कोणी फोन केला नाही. मी त्या पाच मुलांना दोष देत नाही. त्यांनी ज्यांना विचारलं ते त्यांना रेकॉर्डवरून ठाऊक होते, आणि बेली यांनी १९२८नंतर कंपनीसाठी मुद्रण केलंच नव्हतं. जे ऐकू येतं त्यालाच आपण आवतण देतो. कंपन्यांनी आणि रेडिओने कित्येक वर्षांपूर्वी ज्यांचा आवाज बंद केला होता, ते या बैठकीच्या यादीत आपोआप नव्हते. डेफर्ड बेली यांना हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं ते २००५मध्ये, ते वारल्यावर तेवीस वर्षांनी. म्हणून हा अल्बम ऐकताना मी फॅडनचा हार्मोनिका ऐकतो आणि त्यामागे आणखी एक हार्मोनिका कल्पनेने ऐकतो. आपल्या संगीताच्या इतिहासातही अशा रिकाम्या जागा कमी नाहीत. कलावंतिणींची, सारंगियांची नावं किती रेकॉर्डवर छापली गेली, ते शोधायला बसलं की उत्तर मिळतं.

अल्बम बाहेर आला आणि कंपनीची भीती खरी ठरली नाही. मित्राने मित्राला ऐकवत तो खपत गेला, सुवर्ण तबकडीच्या पंगतीला बसला, पुढे प्लॅटिनमही झाला. ज्या घरांत बाप ऑप्री ऐकायचा आणि मुलगा रॉक, तिथे तो दोघांनी ऐकला असं त्या काळचे लोक सांगतात. डॉक वॉटसन यांना मोठे श्रोतृवर्ग मिळाले. बँड स्वतः हळूहळू पूर्णपणे कंट्रीकडे वळला.

१९८९मध्ये दुसरा भाग आला. मेबेल नव्हत्या, ट्रॅव्हिसही नव्हते. जॉनी कॅश होते, मेबेल यांच्या मुली होत्या, अकफ, स्क्रग्ज, मार्टिन आणि क्लेमेंट्स पुन्हा आले. त्या वर्षीचा कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार त्याला मिळाला. मुद्रण स्वच्छ आहे, गायन उत्तम आहे. पण माझ्या कानाला पहिला भाग सरस वाटतो, आणि कारण साधं आहे. दुसऱ्या वेळी सगळ्यांना माहीत होतं की आपण इतिहासात बसलो आहोत. पहिल्या वेळी डॉक वॉटसन फक्त मर्ल ट्रॅव्हिसला भेटत होते.

शेवटी अल्बमच्या शेवटाविषयी. तिसऱ्या तबकडीच्या अखेरीस शीर्षकगीत येतं. मुळात ते १९०७चं प्रार्थनागीत. एडा हॅबरशन यांचे शब्द, चार्ल्स गेब्रियल यांची चाल. ए. पी. कार्टर यांनी त्याला आईच्या अंत्ययात्रेच्या गाण्याचं रूप दिलं आणि १९३५मध्ये कार्टर कुटुंबाने ते रेकॉर्ड केलं. इथे मेबेल सुरुवात करतात आणि खोलीतले सगळे कोरस धरतात. अल्बम तिथेच संपवला असता तर कोणी तक्रार केली नसती. पण त्यानंतर एक धून आहे : अर्ल स्क्रग्ज यांचा मुलगा रँडी, नुकताच अठरा वर्षांचा झालेला, एकट्याने गिटारवर जोनी मिचेल यांचं ‘बोथ साइड्स नाउ’ वाजवतो. गाणं त्याच काळातलं, कॅनडाच्या तरुण कवयित्री-गायिकेचं, ऑप्रीशी त्याचा संबंध नाही. काही रसिकांना ते अजूनही अस्थानी वाटतं. मला ते हवंच वाटतं. त्या सहा दिवसांत मोठ्यांनी मुलांना आपली गाणी दिली, आणि शेवटची जागा मुलाच्या आवडीच्या गाण्याला मिळाली. अर्ल स्क्रग्ज यांनी वीस वर्षांची जोडी मोडली ती ज्या कारणाने, ते कारण या धुनेत वाजतं आहे. १९८९च्या दुसऱ्या भागाचा निर्माता हाच रँडी होता, आणि त्यात वडील त्याच्यासमोर बसून बँजो वाजवून गेले.